फॉरमॅट मारण्याची घाई कशाला?



कॉम्प्युटरमध्ये ट्रोजन शिरला तर काय करावं, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखकाचा सल्ला थोडक्यात असा : अँटिव्हायरसने स्कॅन करा आणि नाहीच जमलं तर जवळच्या दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घ्या. कॉम्प्युटर दुरुस्तीवर पोट असलेल्या माझ्यासारख्याने या सल्ल्यावर खूश व्हायला हवं. पण आमच्या धंद्यातला हा सगळ्यात कमी डोकं लागणारा उपाय आहे आणि ट्रोजनच्या बाबतीत तो बहुतेकदा चुकीच्या वेळी केला जातो.

दुकानात येणारं गिऱ्हाईक म्हणतं, ‘पीसी स्लो झालाय, व्हायरस आलाय.’ स्लो होण्याचं कारण बहुधा जुनी हार्डडिस्क किंवा अपुरी रॅम असते. खऱ्या ट्रोजनला पीसी स्लो करून स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचं नसतं. शिवाय तो आपल्या पायांनी येत नाही, आपणच त्याला चालवतो. बिलाच्या नावाने आलेली फाइल पीडीएफ दिसते, पण विंडोज मूळ सेटिंगमध्ये फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे मागचं ‘डॉट ईएक्सई’ कुणाला दिसत नाही. फुकटातला फोटोशॉप, गेमचा क्रॅक या वाटा जुन्याच. अलीकडे एक नवीन निघाली आहे. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी खोटी पाटी येते आणि विंडोजचं बटण व आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर, असं सांगते. सांगितलं तसं करणारा माणूस चोराची आज्ञावली स्वतःच्या हातांनी चालवत असतो.

आजकालचे बरेचसे ट्रोजन माहितीचोर असतात. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि आपण लॉगिन असल्याची खूण असलेल्या कुकीज ते उचलून पाठवतात. ही कुकी चोराच्या हाती गेली की अनेक ठिकाणी त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. मग काही ट्रोजन स्वतःलाच पुसून टाकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी स्कॅन साफ आला याचा अर्थ काही झालंच नाही, असा होत नाही. लुमा नावाच्या अशाच माहितीचोरावर मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी मिळून कारवाई केली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने दिलेला आकडा असा : १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,०००हून अधिक विंडोज कॉम्प्युटरना त्याची लागण झाली होती.

आता अशा वेळी आधी फॉरमॅट मारणं म्हणजे चोर किल्ल्यांचा जुडगा घेऊन पसार झाल्यावर घर धुऊन काढणं. पहिलं काम कुलपं बदलण्याचं. पीसीचं इंटरनेट तोडायचं आणि दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मोबाइलवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा. ईमेलचा अशासाठी, की बाकी सगळे पासवर्ड तिथूनच नवे करून घेता येतात. मग ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ करायचं, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये परका फॉरवर्डिंग पत्ता किंवा अनोळखी रिकव्हरी नंबर घुसवलेला नाही ना, हेही पाहायचं. हे पाहणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत.

पैसे गेले असतील तर बँक आणि सायबर फसवणुकीसाठीची १९३० ही हेल्पलाइन, तेही ताबडतोब. आणि अशा प्रकरणात फॉरमॅट मारणं तर सरळ नुकसानीचं, कारण पोलिसांना तपासायचा पुरावा त्याच हार्डडिस्कवर असतो.

घाईची किंमत काय असते याचा एक जुना दाखला देतो. डिसेंबर १९८९मध्ये एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने वेगवेगळ्या देशांत पाठवल्या गेल्या. या प्रकरणात पुढे जोसेफ पॉप या अमेरिकन शास्त्रज्ञाला अटक झाली. फ्लॉपीतला प्रोग्रॅम प्रश्नावलीसारखा दिसे, पण पीसी ठरावीक वेळा, बहुधा नव्वदएक वेळा, सुरू झाला की तो फाइलींची नावं सांकेतिक करून टाकी आणि पनामातल्या एका पोस्टबॉक्सवर १८९ डॉलर पाठवायला सांगे. गंमत अशी, की त्याने फक्त नावं बिघडवली होती, आतला मजकूर शाबूत होता. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने लवकरच फुकट उतारा काढला. ज्यांनी घाबरून आधीच डिस्क पुसल्या, त्यांना त्या उताऱ्याचा काय उपयोग?

मग फॉरमॅट करूच नये का? करावा, पण शेवटी. रिमोट कंट्रोल देणारा ट्रोजन एकदा चालून गेला असेल, तर त्याने मागे काय काय पेरलंय याची खात्री कुठलाच अँटिव्हायरस देत नाही. फॉरमॅटआधी विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करून बघावा. तो पीसी रीस्टार्ट करून विंडोजच्या बाहेरून तपासतो, त्यामुळे लपलेल्याला लपायला कमी जागा मिळते. डिफेंडरच्या एक्सक्लुजन, म्हणजे तपासणीतून वगळलेल्यांच्या, यादीत आपण न घातलेला फोल्डर दिसला, तर संशयाला भक्कम कारण समजावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही फुकट आहेत. बॅकअप घेताना फोटो आणि कागदपत्रं तेवढीच घ्यावीत. जुने सेटअप आणि क्रॅक बरोबर नेले, तर पाहुणाही बरोबर येतो.

माझा खरा राग पुढच्या पायरीवर आहे. फॉरमॅटनंतर दुकानदार विंडोज टाकतो कुठून? अनेक दुकानांत वर्षानुवर्षं फिरणाऱ्या एकाच पेनड्राइव्हवरून. मग डिफेंडर बंद करून अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा क्रॅक, चालवला जातो. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर ‘तो उगाच ओरडतो, लक्ष देऊ नका’ हे उत्तर ठरलेलं. प्रत्येक अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये ट्रोजन असतो असं मी म्हणणार नाही. डिफेंडर त्यांना बऱ्याचदा ‘हॅकटूल’ म्हणतो, आणि हॅकटूल व ट्रोजन एकच नव्हेत. पण केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने क्रिप्टबॉट हा माहितीचोर वाटला जात असल्याचं २०२१मध्ये उघड झालं होतं. पेनड्राइव्हवरची प्रत कोणती, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. म्हणजे एक ट्रोजन काढण्यासाठी आपण पहारेकऱ्याला झोपवून अनोळखी प्रोग्रॅमला सगळे अधिकार देतो, आणि वर त्याचे पैसे मोजतो.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे बहुतेक लॅपटॉपवर हा क्रॅक लागतच नाही. विंडोज ८ आल्यापासून कंपनीकडून विंडोजसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपची परवान्याची किल्ली सहसा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून फुकट मिळणाऱ्या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून तीच आवृत्ती टाकली, की नेटला जोडताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. आमचे लोक विंडोजच्या होम आवृत्तीच्या जागी ‘प्रो टाकून देतो’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाने लॅपटॉपबरोबर विकत घेतलेला परवाना अडगळीत टाकून क्रॅक बसवतात.

असेंबल केलेल्या पीसीला परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही, हे मान्य. पण मग तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. पत्रं टाइप करणं, मेल आणि सिनेमे एवढ्यासाठी विंडोजऐवजी उबुंटू फुकट टाकून देता येतं. ‘गिऱ्हाईकच पैसे द्यायला तयार नसतं’ ही आमच्या धंद्यातली ठरलेली सबब आहे. निवड त्याच्यापुढे ठेवल्याशिवाय तो तयार नाही हे कळलं कसं?

म्हणून दुरुस्तीच्या बिलावर कोणती विंडोज टाकली, कुठून घेतली आणि परवाना मूळचा की नाही, एवढं लिहून देण्याची पद्धत पडली पाहिजे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संगणक व्यावसायिकांच्या संघटनांनी ती आपल्या सभासदांपासून सुरू करावी. तोवर वाचकांनी लॅपटॉप दुकानात ठेवण्याआधी हे तिन्ही प्रश्न विचारावेत आणि डिफेंडर चालू स्थितीत दाखवल्याशिवाय तो ताब्यात घेऊ नये.

— एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सांगली