ओळख अभ्यासक्रमात आणा

जुलै २०१२ मध्ये आसामातल्या कोक्राझारमध्ये हिंसाचार पेटला आणि ऑगस्टमध्ये त्याची झळ थेट पुण्याला लागली. कोक्राझारशी काडीचाही संबंध नसलेल्या मणिपुरी मुलांना केवळ चेहऱ्यावरून मारहाण झाली. मोबाइलवर अफवा फिरल्या, घाबरलेल्या तरुणांनी गुवाहाटीची वाट धरली. बेंगळुरूहून तर रेल्वेला खास गाड्या सोडाव्या लागल्या. पुढे जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात नीदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून हिणवले गेले. वाद वाढला, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला.

त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायदा आणि पोलिसांइतकेच शिक्षणावर बोट ठेवले. ईशान्येचा इतिहास आणि समाजजीवन अभ्यासक्रमात आणा, असे तिने सांगितले. २०१७ मध्ये एनसीईआरटीने ईशान्य भारतावर पुस्तक काढलेही, पण पूरक वाचनासाठी. ज्यावर प्रश्न येत नाही ते पुस्तक आपल्याकडे उघडले जात नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. मार्च २०२० मध्ये ईशान्येच्या लोकांना करोनावरून छळू नका, असे केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना कळवावे लागले.

महाविद्यालयांत ‘ट्रॅडिशनल डे’ला मिझो बांबूनृत्याला टाळ्या पडतात. त्या पडाव्यातच. पण नाचणारी मुलगी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एकटीच जेवत असेल, तर त्या टाळ्यांनी काहीही साधलेले नाही. मेघालयातल्या खासी समाजात कूळ आईकडून चालते, वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. हे ठाऊक नसलेला आपला कारकून अर्जावर मधले नाव वडिलांचेच हवे म्हणून अडून बसतो. मुलाला परकेपणाचा पहिला धडा तिथे, प्रवेशाच्या खिडकीवरच मिळतो. वसतिगृहाच्या रेक्टरपासून खोली भाड्याने देणाऱ्यापर्यंत तोच धडा गिरवला जातो.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात प्राध्यापक, रेक्टर आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांपासून व्हायला हवी. विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या पहिल्या वर्षीच गुण असलेला विषय ठेवावा. दुसऱ्या प्रांतातल्या सहाध्यायीबरोबर वर्षभर एकत्र काम करायला लावावे. न समजलेले विचारावे कसे, सांगितलेले नाव नीट उच्चारावे कसे, थट्टा कुठे बोचते हे ओळखावे कसे, याचा सराव द्यावा. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत, मोठा निधीही लागत नाही. राज्यातल्या विद्यापीठांनी येत्या जूनपासूनच हे सुरू करावे.