आधी तेहतीस अक्षरं, मग अल्माटी

'अल्माटीला पहिल्यांदा जाताय? या दहा टिप्स बघाच' छापाचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहिले. इंडियन थाळी कुठे मिळते, टेंगे कुठे बदलायचे, शिंबुलाकच्या केबल कारमधून रील कसं काढायचं, सगळं त्यांत होतं. काही महाभाग तर तिथल्या मुली 'कशा' आहेत हेही सांगत होते. तिथल्या पाट्या वाचायच्या कशा, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. मलाही ते खटकलं नाही.

जुलै 2022 पासून भारतीयांना कझाकस्तानात 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दिल्लीहून थेट विमान आहे. म्हणून धामणगाव रेल्वेहून आई-बाबांना घेऊन निघालो. त्यांचा पहिलाच परदेश.

दुसऱ्या दिवशी बाजारात आईला बाथरूमला जायचं होतं. समोर दोन दारं. एकावर इंग्रजी 'एम', दुसऱ्यावर सहा पायांच्या किड्यासारखं अक्षर. "एम म्हणजे महिला," मी ठोकून दिलं. आई आत गेली आणि तशीच लालबुंद होऊन बाहेर आली. तो 'एम' मुश्चिनाचा होता, म्हणजे पुरुषांचा.

"इंजिनिअर हायेस ना बे तू? मंग तुले दोन दारं वाचता येत नाई?" बाबा म्हणाले.

आईनं त्यानंतर दिवसभर पाणीच प्यायलं नाही. एसटीच्या प्रवासात आपल्याकडच्या बाया वर्षानुवर्षं हेच करतात. मी तिला विमानानं नेऊन तेच करायला लावलं.

"ट्रान्सलेट अॅप आहे की!" असं तुम्ही म्हणाल. होतं ना, माझ्या खिशात. पण आईकडे स्मार्टफोन नाही, आणि बाथरूमच्या दारासमोर कोणती बाई कॅमेरा धरून उभी राहील? शिवाय कडक थंडीत बॅटरी कधी मान टाकेल, नेम नाही.

रशियनची अक्षरं 33. रोज अर्धा तास दिला तर आठवड्याचं काम. काही इंग्रजीसारखी दिसतात आणि तीच फसवतात: 'पी' दिसतो तो र, 'सी' म्हणजे स, 'एच' म्हणजे न, 'बी' म्हणजे व. हे माहीत नसलं की 'रेस्तोरान'ची पाटी 'पेक्टोपाह' अशी वाचली जाते. तो सहा पायांचा किडा म्हणजे 'झ'च्या जवळचा उच्चार, झेन्श्चिनाचा, बायकांचा. एवढं एक अक्षर आईला आधी सांगितलं असतं तर?

आणि 'रशियन शहर' म्हणणंही थांबवा. रस्त्यावर रशियन चालते, पण 1991 पासून हा स्वतंत्र देश आहे आणि राजभाषा कझाक आहे. तीही याच लिपीत लिहितात, काही जादा अक्षरं घालून. रशियनमध्ये आभाराला 'स्पसीबा', कझाकमध्ये 'रखमेत'. दोन्ही पाठ करा.

आपण मराठी पाट्यांसाठी भांडतो. 2022 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून सगळ्या दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची केली, आणि ते मला पटतं. पुण्यात वर्षानुवर्षं राहून ज्याला पाटी वाचता येत नाही, त्याच्यावर मी चिडतो. मग चार दिवसांसाठी का होईना, दुसऱ्याच्या गावात जाताना माझा माज कशाला? पाहुणा म्हणून गेलो, तर घरच्यांची अक्षरं ओळखण्याइतकी तरी मेहनत नको?

टिप्सच हव्या असतील तर या घ्या. डोंगर शहराच्या दक्षिणेला आहेत, म्हणून पत्ता सांगताना 'वर' म्हणजे डोंगराकडे आणि 'खाली' म्हणजे उत्तरेला. पाण्याची बाटली घेताना 'बेझ गाझा' म्हणा, नाहीतर सोडा हातात पडेल. मार्च 2024 पासून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. आणि बाजार, चाय हे शब्द तिथंही बाजार, चायच आहेत.

त्या रात्री हॉटेलच्या कागदावर मी आईसोबत अक्षरं गिरवली. ती सातवी शिकलेली. तिसऱ्या दिवशी बसमधून तिनं एक पाटी वाचली: "अप... त्ये... का. औषधाचं दुकान हाय ना रे?"

होतं. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि पाणी प्यायली.