पिकअपच्या हौद्यात रात्र: एसी केबिनचा नियम आला, पण आपल्या गाडीला नाही

रात्री अकरानंतर कॉटन ग्रीन स्टेशनच्या पूर्वेला उतरलं, की समोर कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत अंधारात उभी दिसते. आजूबाजूला बंदराच्या जमिनीवरची गोदामं, आणि गोदामांच्या भिंतींना लागून उभ्या केलेल्या गाड्या. ट्रक असतात, टेम्पो असतात, पण बारकाईने नंबर प्लेट वाचल्या तर एमएच १४, एमएच १५, एमएच १७ अशा पिकअपही दिसतील. म्हणजे जुन्नर, नाशिक, संगमनेर-अकोले. आपल्याच तालुक्यांतल्या गाड्या. हौद्यावर ताडपत्री ओढलेली, फाळका अर्धा उघडा, आणि आत फळीवर माणूस झोपलेला.

ही गाडी इथे का येते हे गावात कुणाला सांगायला नको. पहाटे भायखळ्याला भाजी किंवा दादरला फुलं उतरवायची. मग रिकामी गाडी परत न्यायची तर डिझेल अंगावर येतं, म्हणून रिटर्न भाडं शोधायचं. रे रोडच्या दारूखान्यात लोखंडाचा बाजार आहे, इकडे गोदामं आहेत. पत्रा, पाइप, मशीनचे भाग, काहीतरी मिळतं. पण मिळेपर्यंत थांबावं लागतं. कधी चार तास, कधी दीड दिवस. शहरात मालगाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, त्यात अडकलं की आणखी एक रात्र. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकऱ्याला माल थेट शहरात नेण्याची कायद्याने मोकळीक मिळाली. माल नेणारा माणूस शहरात झोपणार कुठे, याचा विचार मात्र त्या निर्णयात नव्हता.

आता मूळ बातमीकडे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये कारखान्यातूनच एसी असणं केंद्राने बंधनकारक केलं आहे. त्याची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली होती. व्हॉट्सॲपवर हा निर्णय ‘सगळ्या मालगाड्यांना एसी’ असा फिरला. तसं नाही. नियम एन-२ आणि एन-३ या दोन वर्गांना आहे. एन-२ म्हणजे मालासकट एकूण वजन साडेतीन टनांच्या वर आणि बारा टनांपर्यंत, एन-३ म्हणजे त्याहून जड. साडेतीन टनांपर्यंतच्या मालगाड्या एन-१ मध्ये येतात. गावात दारात उभी असलेली पिकअप, छोटा टेम्पो, मिनी ट्रक बहुतेक सगळे याच वर्गात. त्यांना हा नियम लागू नाही.

यात सरकारचा हिशेब असा, की लांब पल्ला जड ट्रक करतो आणि छोटी गाडी गावातल्या गावात फिरून रात्री घरी जाते. कागदावर हे बरोबर वाटतं. पण नारायणगावहून रात्री निघून माळशेज उतरून पहाटे भायखळ्याला पोचणारी पिकअप ‘गावातल्या गावात’ कुठे आली? मोठ्या ट्रकला निदान सीटमागे झोपायला बर्थ तरी असतो. पिकअपच्या केबिनला पाठ टेकवण्यापुरतीही जागा नसते. मग माणूस मागे जातो, हौद्यात.

महामार्गावरच्या सोयींचंही तसंच. ट्रकचालकांसाठी महामार्गांवर पहिल्या टप्प्यात १,००० विश्रांतिगृहं बांधण्याची घोषणा पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाने खाटा, आंघोळ, स्वयंपाकाची सोय काही ठिकाणी आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण ती हायवेवर. पिकअपवाल्याची रात्र शहराच्या पोटात जाते. मुंबईतली मालवाहतूक शहराच्या मध्यातून हलवायची म्हणून वडाळ्याला ट्रक टर्मिनल केलं गेलं, आणि वडाळ्याच्या त्याच पट्ट्यात आज टॉवर उभे राहिलेत. बंदराच्या जमिनीचाही विकास व्हायचा आहे. आज भिंतीकडेला जी जागा मिळते ती उद्या मिळेलच असं नाही.

आधीच्या पिढीला हा प्रश्न नव्हता, हे इथं सांगायला हवं. कॉटन ग्रीनपासून लालबाग-परळ हाकेच्या अंतरावर. गिरण्या चालू होत्या तेव्हा प्रत्येक गावाची, भावकीची एक खोली या चाळींत कुठेतरी असायची. गावचा माणूस मुंबईला आला की पिशवी तिथं टाकायचा, खानावळीत जेवायचा, रात्री गॅलरीत किंवा जिन्यात अंग टाकायचा. जानेवारी १९८२ चा गिरणी संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, टॉवर आले. गावकीची खोली गेली. आता गावाची मुंबईतली खोली म्हणजे हा आठ-नऊ फूट लांब आणि साडेपाच फुटांच्या आसपास रुंद हौदा.

हौद्याची खोली कशी होते

तालुक्याच्या गॅरेजवाल्याकडे गेलं तर दोन पद्धती दिसतात. पहिली साधी. एक जाड प्लायवूड, खाली उलटे ठेवलेले रिकामे क्रेट, वर गोधडी. वरून कमानी लावून ताडपत्री. सकाळी सगळं गुंडाळून केबिनमागे बांधलं की हौदा पुन्हा मालाला मोकळा. खर्च थोडा, आणि गाडीच्या कागदांना धक्का नाही. प्लाय, क्रेट, गोधडी हे सामान आहे, गाडीचा भाग नाही.

दुसरी पद्धत जोरात आहे, आणि रील बघून ती वाढतेय. लोखंडी अँगलचा सांगाडा हौद्याला वेल्डिंग करायचा, वर पत्र्याचं छप्पर, आत दोन मजली फळ्या, बाजूला टूलबॉक्स, पाण्याची टाकी, बॅटरीवरून लाइट आणि पंखा. दिसायला झकास. पण इथून पुढे भानगड सुरू होते.

एक तर वजन. असा सांगाडा, पत्रा, फळ्या आणि भरलेली टाकी मिळून २०० किलो सहज होतात. साधारण २० किलोचं एक टोमॅटोचं क्रेट धरलं तर दर फेऱ्याला दहा क्रेट कमी न्यायचे. कमी कोण नेतो? तेवढेच भरतो आणि ओव्हरलोडमध्ये सापडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड थेट २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर जादा टनामागे २,००० रुपये. शिवाय उंची वाढली की गाडी घाटात डोलते. माळशेजच्या वळणावर हे कळायला गणित लागत नाही.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसी बुकात नोंदलेला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं: रंग बदलण्यासारखी किरकोळ गोष्ट चालेल, सांगाडा बदलता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. छप्पर एक, बाजूचा सांगाडा दुसरा, अशी मोजणी होऊ शकते.

ज्याला खरोखरच वेगळी बॉडी हवी आहे त्याने ती नोंदणीच्या आधी करावी. काही कंपन्या फक्त केबिन आणि चासी अशी पिकअप विकतात. बॉडी बांधून घ्यायची, आरटीओ तपासणी करतो आणि तीच बॉडी आरसीवर चढते. जुन्या गाडीला हात लावायचा असेल तर आधी आरटीओत लेखी अर्ज आणि मंजुरी. गॅरेजवाला ‘काही होत नाही, सगळेच करतात’ म्हणेल. पण चलन फाटतं ते गाडीमालकाच्या नावावर.

आणखी एक पर्याय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणी त्या नजरेने बघत नाही. बोलेरो कॅम्पर. नावच कॅम्पर! मागची सीट कंपनीनेच दिलेली, आरसीवर नोंदलेली, रात्री त्यावर एक माणूस आडवा होतो. हौदा मात्र निम्म्यावर येतो. भाजीवाल्याला ते परवडत नाही. फुलांचं ओझं हलकं असलं तरी जागा खातं, म्हणून फुलवाल्यालाही नाही. वायरमन, बोअरवेलवाले, मंडपवाले यांना जमतं.

उभ्या गाडीत झोपणं वेगळं, चालत्या गाडीत वेगळं

सगळ्यात मोठी गोष्ट आता. उभ्या पिकअपच्या हौद्यात झोपणं आणि चालत्या पिकअपच्या हौद्यात झोपणं या दोन गोष्टी गावात एकच समजल्या जातात. विम्याच्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

नेहमीचं चित्र असं. शेतकरी आपल्या मालाबरोबर जातो. केबिनमध्ये चालक आणि त्याचा जोडीदार, म्हणून शेतकरी मागे क्रेटवर. येताना रात्रीची जाग असते, हौदा रिकामा असतो, फळी टाकलेली असते. तिथंच झोप लागते. घाटात गाडी उलटली तर?

मालगाडीतून फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीने देण्याचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणात सांगितलं. मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं. पण २००७ च्या भारतम्मा प्रकरणात न्यायालयाने पुढे म्हटलं, की मालाचा मालक केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. मालाबरोबर हौद्यात बसलेला त्यात धरला जात नाही. म्हणजे तोच शेतकरी, तीच गाडी, तोच माल. पुढे बसला तर घरच्यांना दावा करता येतो, मागे झोपला तर भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात. आणि गाडीमालक बहुतेक वेळा गावातलाच, हप्त्यावर गाडी घेतलेला. दोन्ही घरं बसतात.

येताना तर मालही नसतो. मग तो ‘मालाचा मालक’ तरी कसा ठरणार, हा प्रश्न विमा कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो. म्हणून परतीच्या फेऱ्यात मागे कुणी झोपायचंच नाही. केबिनमध्ये जागा नसेल तर त्या माणसाने एसटी धरावी. तिकीट जड वाटतं, पण ते यापेक्षा स्वस्त आहे.

हेच आषाढात दिंडीच्या गाडीला लागू. वारीत पिकअप-टेम्पोला दोन मजली फळ्या टाकतात, खाली सामान, वर म्हाताऱ्या माणसांची झोपण्याची सोय. मुक्कामी गाडी उभी असताना त्यात गैर काही नाही. चालत्या गाडीत वरच्या फळीवर कुणी नको.

पॉलिसीचा कागद एकदा उघडून बघायला हवा. मालक स्वतः चालवत असेल तर त्याचं सक्तीचं अपघात कवच १५ लाखांचं असतं. पगारी चालक आणि क्लिनर यांच्यासाठीचा थोडासा वेगळा हप्ता भरलाय का, हे त्यातच लिहिलेलं असतं. एजंट तो पुष्कळदा विचारतही नाही. आणि गाडीत बदल केला असेल तर विमा कंपनीला लेखी कळवणं गरजेचं, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा तिथंच अडकतो.

राहता राहिला गॅसचा विषय. कॉटन ग्रीनला थांबलेल्या गाड्यांच्या मागे रात्री पाच किलोच्या सिलिंडरवर भात शिजताना दिसतो. बाहेरचं जेवण रोज परवडत नाही, त्यामुळे स्वयंपाक करू नका असं म्हणण्यात अर्थ नाही. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, हौद्याच्या तळाशी साठतो, म्हणजे नेमका फळीखाली. फाळका बंद, ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली, आणि पहाटे चहासाठी काडी ओढली, की संपलं. कोळशाच्या शेगडीचा धोका वेगळा. बंद जागेत तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय झोपेतच माणूस मारतो. थंडीत ऊब हवी म्हणून शेगडी आत घेणारे आहेत. स्वयंपाक खाली रस्त्यावर, सिलिंडर रात्री हौद्याबाहेर किंवा निदान उघड्या फाळक्यापाशी, आणि ताडपत्रीची मागची बाजू एक वीत तरी मोकळी.

डासांसाठी जाळी शिवून घेणारे आता बरेच झालेत. शेतातल्या शेडनेटचा तुकडा ताडपत्रीच्या आतून लावला की हवाही खेळते. खाडी जवळ असल्याने कॉटन ग्रीनला मच्छर कमी नाहीत. गाडी सोडून लांब झोपायला जाता येत नाही, कारण बॅटरी आणि डिझेल चोरीची भीती असते. आंघोळ आणि संडास पैसे देऊन, तेही उघडं असेल तेव्हा.

पिकअपवाल्याचे कामाचे तास कुणी मोजत नाही. दिवसाला आठ तासांची मर्यादा घालणारा १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी होता. एक गाडी, एक मालक, तोच चालक, हा आपला धंदा त्यात कधी बसलाच नाही. एसीच्या नियमात वजनामुळे बाहेर, तासांच्या नियमात माणसं कमी म्हणून बाहेर. रात्रीच्या मुक्कामाची जागा मागायची तर ती शेतकरी उत्पादक कंपन्या, भाजी संघ आणि टेम्पो संघटना यांनी एकत्र मागायला हवी. मागणीही फार मोठी नाही: भायखळा ते शिवडी पट्ट्यात बंदराच्या किंवा पालिकेच्या जमिनीवर शंभरेक छोट्या गाड्या उभ्या राहतील असं एक आवार, एक पाण्याचा नळ, चार संडास आणि एक वॉचमन. बंदराच्या पडीक गोदामांपैकी एकाच्या अंगणात हे बसतं.

सध्या तरी साडेचार वाजले की ताडपत्र्या सुटायला लागतात. प्लाय उचलून केबिनमागे बांधला जातो, क्रेट उलटे होते ते सुलटे होतात, आणि कुणाला भाडं मिळालं असेल तर दारूखान्याकडून हाक येते.