विश्लेषण : ‘पाकीट नको, घरचे खा’ हे सांगणे सोपे, पण स्वयंपाक करायचा कोणी?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारविषयक शिफारशी जाहीर केल्या. अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमीत कमी खा, ही त्यातली एक. तरीही संध्याकाळी सहा वाजता मूल ‘भूक लागली’ म्हणाले, की बहुतेक घरांत नूडल्सचे पाकीट फुटतेच. कारण त्या वेळी घरात माहितीची कमतरता नसते, मोकळ्या हातांची असते.

अतिप्रक्रिया म्हणजे नेमके काय?

कारखान्यातून आले म्हणून अन्न वाईट होत नाही. पिशवीतले दूध, रवा, पोहे, डाळ हेही कुठेतरी प्रक्रिया होऊनच घरी येतात. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या वर्गीकरणात शेवटचा, चौथा गट अतिप्रक्रियेचा आहे. ओळखायची साधी खूण : घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद अशी स्वयंपाकघरात कधीच न दिसणारी नावे. यादीत जो घटक पहिला, त्याचे प्रमाण सर्वाधिक, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

अमेरिकेत २०१९ मध्ये २० जणांवर एक प्रयोग झाला. दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न, दोन्हींत साखर, मीठ, चरबी सारखीच. हवे तेवढे खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या दोन आठवड्यांत माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजनही वाढले.

मग अडते कुठे?

घड्याळापाशी. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोज सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ८८. ‘घरचे खा’ हा सल्ला सगळ्या कुटुंबाला दिलेला असतो, पण तो राबवणारी बहुतेकदा एकटीच असते. वेळ वाचवणारे पाकीट तिनेच आणले, म्हणून बोलही तिलाच. हे अन्यायाचे आहे.

खरे तर झटपट खाणे मराठी घरांना नवे नाही. मेतकूट म्हणजे भाजून दळलेल्या डाळी आणि धान्य. गरम भात आणि तूप असले की जेवण तयार. भाजलेला रवा बरणीत असेल तर उपमा दहा मिनिटांत होतो. दडप्या पोह्यांना गॅस लागतो तो फोडणीपुरता. मुगाच्या खिचडीला कुकरपाशी उभे राहावे लागत नाही, शिट्ट्या मोजायला घरातले कोणीही चालते. (घरी तळलेली चकलीही घरचीच, पण ती रोजची नव्हे.)

या साऱ्यात कष्टाचा भाग आधीच्या तयारीचा, आणि तो रविवारी वाटून घेता येतो. रवा भाजणे, शेंगदाण्याचे कूट करणे, गिरणीतून भाजणी दळून आणणे यासाठी सुगरण असावे लागत नाही. बाबांना आणि नववीतल्या मुलालाही ते जमते. भाजणी घरीच भाजली पाहिजे, असा हट्ट तरी कशाला? बचत गटाची तयार घ्यावी. पाकिटामागे ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धने-जिरे एवढेच लिहिलेले असेल, तर त्या थालीपिठाला खुशाल घरचे म्हणावे.