रकान्यात नसलेली माणसं

आपल्यापैकी किती जणांनी संसदेतला एखादा अतारांकित प्रश्न आणि त्याचं लेखी उत्तर शेवटपर्यंत वाचलं आहे? एम.ए. होऊन दिल्लीत येईपर्यंत मीही वाचलं नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आमच्यासाठी संसद म्हणजे टीव्हीवरचा गोंधळ आणि आवारातला बाबासाहेबांचा पुतळा. पुढे एका खासदारांच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे लिहायचं काम मिळालं, तेव्हा कळलं की राज्यसभेत बैठकीच्या दर दिवशी १६० आणि लोकसभेत २३० अतारांकित प्रश्न यादीत येऊ शकतात. त्यांना मंत्र्यांनी लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कायमचं नोंदीत राहतं.

अशाच एका उत्तराने माझी झोप उडवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये खासदार सय्यद नासिर हुसेन यांच्या प्रश्नावर गृहराज्यमंत्री जी. किशन रेड्डी यांनी राज्यसभेत आकडे दिले. देशातल्या तुरुंगांत ४,७८,६०० कैदी. त्यांत ओबीसी १,६२,८००, अनुसूचित जातींचे ९९,२७३ आणि अनुसूचित जमातींचे ५३,३३६. म्हणजे १०० कैद्यांत जवळजवळ ६६ आपले. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, तुरुंगात २०.७४ टक्के. जमाती ८.६ टक्के, तुरुंगात ११.१४ टक्के. ओबीसींची तुलना करता येत नाही, कारण त्यांची तेव्हा मोजणीच झालेली नव्हती.

हे आकडे सरकारने आपणहून पत्रकार परिषद घेऊन सांगितले नाहीत. कुणीतरी विचारलं म्हणून सभागृहात ठेवावे लागले. माझा मुद्दा एवढाच आहे: जे विचारलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याची जबाबदारी कुणावरही येत नाही.

आता दुसरी गोष्ट. मी दिल्लीच्या सीमेवर, नोएडाकडच्या एका वसाहतीत भाड्याने राहते. गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली एक दीदी कोळशाच्या इस्त्रीने कपडे इस्त्री करतात. बुंदेलखंडातून आलेलं धोबी कुटुंब. मागच्या वर्षी त्यांच्या मुलाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं. कागदावर वय लिहिलं १९. मुलगा १७ चा. दीदी रडत माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बेटी, तू लिखना-पढ़ना जानती है, इनको समझा दे."

बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ९४ स्पष्ट आहे. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहायचं. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. दीदींकडे यातलं काहीच हाताशी नव्हतं. गावच्या शाळेतून दाखला मिळवायला, मग तो न्यायालयापुढे मांडायला आणि मुलगा निरीक्षणगृहात हलवला जायला ४१ दिवस गेले. ते ४१ दिवस तो मोठ्यांच्या तुरुंगात होता. परत आला तो कमी बोलणारा मुलगा होऊन आला.

मी चिडून मसुदा लिहिला. प्रौढांच्या तुरुंगांतून वय सिद्ध झाल्यावर किती मुलं बाहेर काढली, राज्यवार सांगा. निरीक्षणगृहांतल्या मुलांत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी किती, ते सांगा. आमच्या कार्यालयातल्या वरिष्ठांनी मसुदा वाचला आणि बाजूला ठेवला. "जात कशाला घातलीस? लहान मुलांचा प्रश्न आहे." तो प्रश्न कधी पाठवला गेला नाही.

हेच वाक्य आपण आयुष्यभर ऐकतो. शाळेत, वसतिगृहात, मुलाखतीत. जात कशाला आणतेस? मी आणत नाही, ती आधीच तिथे बसलेली असते. मी फक्त खुर्ची मोजा म्हणते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तुरुंगांचा वार्षिक अहवाल कैद्यांची जात सांगतो. त्याच विभागाच्या गुन्हेविषयक अहवालात विधिसंघर्षग्रस्त बालकांचं शिक्षण किती, ती आईवडिलांजवळ राहत होती की बेघर होती, हे असतं. जातीचा रकाना नाही. म्हणजे १८ व्या वाढदिवसानंतर तुरुंगात गेलात तर तुमची जात मोजली जाईल, त्याआधी गेलात तर नाही. डिसेंबर २०१५ मध्ये संसदेने १६ ते १८ वयाच्या मुलांवर गंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवायची वाट उघडली. कोणत्या घरातली मुलं त्या वाटेने पाठवली जातात हे दाखवणारा तक्ता मात्र काढला नाही.

इथे काहीजण ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतील. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल ऐतिहासिकच आहे. तुरुंगात जातीवरून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम रद्द झाले, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. ३० डिसेंबर २०२४ ला केंद्राने आदर्श तुरुंग नियमावलीही बदलली. मग लगेच सूर निघाला: बघा, न्यायालयच म्हणतं जात लिहू नका. पण त्याच न्यायालयाने नंतर स्पष्ट केलं की गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीला या आदेशाची आडकाठी नाही. हा फरक नीट समजून घ्या. कामाच्या वाटपासाठी जात लिहिणं हा अत्याचार आहे. अत्याचार मोजण्यासाठी जात लिहिणं हा पुरावा आहे. पहिला रकाना जाळा, दुसरा जपा.

विचारायचं कसं, हेही शिकायला हवं. जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितलं की हाताने मैला साफ केल्यामुळे एकही मृत्यू नोंदवलेला नाही. आपल्यातले बरेच जण तेव्हा संतापले, मीही. पण त्याच अधिवेशनात गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत किती मेले, याचं उत्तर आलं: ९४१. माणसं तीच, शब्द बदलले तर शून्याचे ९४१ होतात. डिसेंबरमध्ये खासदार मनोज झा यांनी जात विचारली, तेव्हा जातीची नोंद असलेल्या ४३,७९७ मैलासफाई कामगारांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे निघाले. शंभरात सत्त्याण्णव. एका प्रश्नाने तो कागद सभागृहाच्या पटलावर आणला.

आता हवामानाकडे या. आपल्याला वाटतं तो इंग्रजी बोलणाऱ्यांचा विषय. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या दीदी पेटत्या कोळशासमोर उभ्या असतात. क्षमतेच्या दीडपटीहून जास्त माणसं कोंबलेल्या दिल्लीतल्या बराकीत पंख्याखालची जागा कुणाला मिळते, विचारा. २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राने मदतीला पात्र ठरवलेल्या १२ आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. हिवाळ्यात धुरकं वाढलं की दिल्ली आणि आसपासची बांधकामं बंद होतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांना उपकराच्या पैशांतून भरपाई द्यायला सांगितलं, पण ती पोचते नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांपर्यंत. ज्याचं कार्ड नाही त्याची मजुरी बुडते. संसदेत प्रदूषणाने किती मेले असं विचारलं की फक्त प्रदूषणानेच मृत्यू झाल्याचं दाखवणारी निर्णायक आकडेवारी नाही, असं उत्तर येतं. सप्टेंबर २०२० मध्ये टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले, यावर आलेलं उत्तरही तसंच होतं: अशी आकडेवारी ठेवली जात नाही.

आकडेवारी नसणं हा निव्वळ निष्काळजीपणा नाही. ते धोरण आहे. त्याचा फायदा कुणाला होतो ते बघितलं की धोरण कुणाचं ते कळतं.

लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ आणि जमातींसाठी ४७ जागा राखीव आहेत. १३१ खासदार. त्यांच्या मतदारसंघांत आपण मतदार आहोत. ते कुठे जेवले याचे फोटो आपण पाहतो, त्यांनी काय विचारलं ते पाहत नाही. दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक खासदाराचे प्रश्न नावानिशी आहेत. स्थायी समितीत तर खासदार सचिवांना समोर बसवून विचारू शकतो. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल खुले असतात. गृह खात्याच्या स्थायी समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये तुरुंगांच्या स्थितीवर २४५ वा अहवाल दिला. तो वाचा, आणि त्यात निरीक्षणगृहातल्या मुलांची जात शोधा.

काही लोक म्हणतील, प्रश्न विचारून काय होतं, क्रांती होते का? होत नाही. पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ दिल्लीत मजूरमंत्री होते आणि मध्यवर्ती विधिमंडळात सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात ती आहेत. खाणीतल्या मजुरापासून कामाच्या तासांपर्यंत. ज्यांनी हा देश कागदावर उभा केला त्यांनी कागदाला कधी कमी लेखलं नाही.

आपल्या घरातली पहिली पदवी कशाच्या जोरावर आली, आठवा. आईने गाठोड्यात जपलेला शाळेचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, पावत्या. एका कागदाने दार उघडतं आणि एका कागदाविना लेकरू ४१ दिवस आत जातं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मग आपली पदवी फक्त नोकरीच्या अर्जाला जोडायची का?

आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला एक पत्र लिहा. एकच प्रश्न, नेमके शब्द, आणि शेवटी 'जातनिहाय तपशील द्यावा' ही ओळ. उत्तर "आकडेवारी ठेवली जात नाही" आलं, तर दुसरं पत्र लिहा: का ठेवली जात नाही? माझा बाजूला ठेवलेला मसुदा अजून माझ्याजवळ आहे. ते कार्यालय मी सोडलं, मसुदा सोडलेला नाही. या अधिवेशनाआधी तो दहा खासदारांना पाठवणार आहे.

जय भीम.