ब्रतीची आई
महाश्वेता देवींची ‘हजार चुराशीर मा’ (१९७४) ही कादंबरी एकाच दिवसात घडते. सुजाता कोलकात्यातल्या सुखवस्तू घरातली, बँकेत नोकरी करणारी. तिचा धाकटा मुलगा ब्रती नक्षलवादी चळवळीत मारला गेला आणि शवागारात १०८४ हा आकडा झाला. नवऱ्याने धावपळ केली ती पोराचं नाव वर्तमानपत्रात येऊ नये म्हणून! दोन वर्षांनी, मुलीच्या साखरपुड्याच्याच दिवशी, सुजाता ब्रतीबरोबरच मारल्या गेलेल्या त्याच्या मित्राच्या, सोमूच्या, आईला भेटायला जाते. ब्रतीचे अखेरचे तास त्याच गरीब घरात गेले होते. सोमूची आई मोकळेपणी रडते. सुजाताला स्वतःच्या घरात तेही शक्य नाही. मुलाला त्याच्या माघारी ओळखू पाहणारी इतकी धीट आई भारतीय कादंबरीत क्वचितच भेटते. उरलेला ब्रती तिला सांगते नंदिनी, त्याची प्रेयसी, तुरुंगातून सुटून आलेली.