तळटिपा हरवू देऊ नका

घरातल्या मुलाने-मुलीने लेख लिहिला, जयंतीच्या स्मरणिकेत नाव छापून आले किंवा विद्यापीठात प्रबंध सादर झाला की आपल्याकडे सगळ्या आळीला आनंद होतो. पेढे वाटले जातात, सत्कार होतो. परंतु त्या लिखाणाच्या पानाखाली बारीक अक्षरांत जे छापलेले असते, तिकडे फारसे कुणी पाहत नाही. त्याला तळटीप म्हणतात. या आठवड्यात आम्हाला त्या बारीक अक्षरांबद्दलच बोलायचे आहे. कारण एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाताना सर्वांत आधी तीच गळून पडतात, आणि गळाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

धुळ्याजवळच्या लळिंगचे उदाहरण घेऊ. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते व लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला होता. दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोक मोठ्या संख्येने जमतात. समजा, एखाद्या मुलीने यावर लेख लिहिला. मजकुरात वाक्य एकच असेल. परंतु खाली तळटिपेत ती लिहील की, ही माहिती अमुक वर्तमानपत्राच्या अमुक तारखेच्या अंकात आहे, किंवा अमुक गावच्या वृद्ध गृहस्थांनी अमुक दिवशी स्वतः सांगितली. टीप जागेवर आहे तोवर ते वाक्य पुरावा आहे. टीप गेली की तेच वाक्य ऐकीव गोष्ट होते. उद्या कुणी "कशावरून?" असे विचारले, तर उत्तर देता येत नाही.

हा प्रश्न आपल्याला अधिक लागू आहे. धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुनी दप्तरे, पत्रे, पोथ्या जपण्याची परंपरा खान्देशाला आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांची दप्तरे कुठे होती? त्यांच्या हाती लेखणीच नव्हती. त्यांचा इतिहास आठवणींत आहे, एखाद्या जुन्या अंकाच्या कात्रणात आहे, सरकारी कागदातल्या एका ओळीत आहे. म्हणून कोण बोलले, कुठे बोलले, केव्हा बोलले याची टीप हेच आपले दप्तर होय.

बाबासाहेबांनी हे काम किती काटेकोरपणे केले, ते पाहावे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ उघडला, तर पानांच्या तळाशी आधारांचे उल्लेख सापडतात. उलट, १९५७ साली त्यांच्या पश्चात निघालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात आधार असे तळाशी दिलेले नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला, तेव्हा मूळ पाली आधार शोधून काढण्याचे श्रम त्यांना घ्यावे लागले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत त्या ग्रंथाच्या खंडाला जोड म्हणून आधारांचा व सूचीचा वेगळा खंड काढावा लागला. नसलेली टीप मागाहून शोधायला किती कष्ट पडतात, हे यावरून समजावे. मग हातात असलेली टीप आपण यंत्राच्या फटीतून का सांडू द्यावी?

आता ती सांडते कशी, ते पाहू. रेल्वे स्टेशनवर सामानघरात पेटी ठेवली की आपल्याला क्रमांकाची चिठ्ठी मिळते. पेटी तिथे, चिठ्ठी आपल्या खिशात. तळटिपेचे असेच आहे. वाक्याच्या शेवटी जो छोटा आकडा दिसतो, ती फक्त चिठ्ठी. टिपेचा मजकूर वेगळ्या खोलीत असतो. २००७ पासून वर्डची जी नवीन पद्धतीची फाईल आली, ती म्हणजे खरे तर अनेक लहान फाईलींचे एक गाठोडे आहे. मुख्य मजकूर एका फाईलीत आणि तळटिपा दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही एकाच पानावर दिसतात, म्हणून आपली फसगत होते. मग एखादा परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर टाकला, ईमेलच्या चौकटीत चिकटवला किंवा नुसता मजकूर म्हणून पानजुळणीच्या कामाला दिला, की चिठ्ठी फार तर सोबत येते, पेटी मागेच राहते.

आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात हे वारंवार दिसते. वाक्याच्या शेवटी ७, ८, ९ असे आकडे लटकत असतात आणि खाली काहीच नसते. लेखकाला विचारावे तर त्याच्या संगणकावर सर्व ठीकठाक असते. दोष त्याचा नाही. वाटेत गळती आहे.

यावर उपाय एकच. मजकूर पाठवण्यापूर्वी तळटिपा साध्या मजकुरात आणून ठेवाव्यात. म्हणजे आकडा काढून त्याच जागी चौकटी कंसात "टीप ७" असे लिहून पुढे टिपेचा पूर्ण मजकूर द्यावा. पेटी सामानघरातून काढून आपल्या हातात घ्यावी, तसेच हे. टिपा लांबलचक असतील तर मजकुरात कंसात नुसता क्रमांक ठेवून सर्व टिपा प्रकरणाच्या शेवटी ओळीने लिहाव्यात. दहा टिपा असतील तर हे हाताने करता येते. पण प्रबंधात चारशे टिपा असल्या तर? एकेक टीप उचलून वर आणताना दोन दिवस जातील आणि दहावीस टिपा सुटतील त्या वेगळ्याच. येथे मॅक्रो कामाला येतो.

मॅक्रो म्हणजे काय? शंभर लग्नपत्रिकांवर नावे घालायची असली की आपण घरच्या पोराला एकदा पद्धत सांगतो, नंतर तो तशाच शंभर करतो. संगणकाला अशी एकदा सांगून ठेवलेली पद्धत म्हणजे मॅक्रो. वर्डमध्ये आल्ट आणि एफ ११ ही बटणे एकत्र दाबली की मॅक्रो लिहिण्याची खिडकी उघडते. आल्ट आणि एफ ८ दाबले की लिहिलेल्या मॅक्रोंची यादी येते व तेथून तो चालवता येतो. आपल्या कामाचा मॅक्रो दहा-बारा ओळींचाच असतो. त्याला सांगायचे ते इतकेच: शेवटची टीप घे, तिचा मजकूर तिच्या आकड्याशेजारी कंसात लिही, ती टीप काढून टाक, मग तिच्या आधीची घे, आणि पहिलीपर्यंत असेच कर.

शेवटून सुरुवात का? नवशिके नेमके येथेच अडतात. पहिली टीप काढली की दुसरी आपोआप पहिली होते. यंत्र "आता दुसरी" म्हणून पुढे जाते आणि मूळची तिसरी उचलते. अशी एकाआड एक टीप सुटत जाते व अर्ध्या वाटेवर यंत्र चूक दाखवून थांबते. शेवटून मोजत आले की आधीच्यांचे क्रमांक हलत नाहीत.

मॅक्रो चालवण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. पहिली, मूळ फाईल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम करावे. छापण्यासाठी व विद्यापीठासाठी मूळ फाईलच लागते. दुसरी, बदल रंगाने दाखवण्याची सोय चालू असेल तर आधी बदल मान्य करून ती बंद करावी. नाहीतर काढलेल्या टिपा पुसल्या न जाता खोडलेल्या रूपात तशाच राहतात. तिसरी, "टीप १२ पाहा" असे उल्लेख यंत्राकडून जोडून घेतले असतील तर ते आधी साध्या अक्षरांत आणावेत. सर्व मजकूर निवडून कंट्रोल, शिफ्ट व एफ ९ एकत्र दाबले की ते होते. टिपांच्या आत असे उल्लेख असतील तर टिपेत कर्सर नेऊन हेच पुन्हा करावे. चौथी, प्रकरणागणिक टिपांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत असतील तर प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल करावी, म्हणजे क्रमांकांचा गोंधळ होत नाही.

आणखी एक शब्द सांभाळावा, तो म्हणजे "तत्रैव". वरच्याच ग्रंथात, असा त्याचा अर्थ. टिपा एकाखाली एक असतात तोवर तो चालतो. पण मधलाच परिच्छेद उचलून कुणी पुढे पाठवला तर "तत्रैव" कुणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून अशा प्रतीत प्रत्येक ठिकाणी ग्रंथाचे नाव व पान पुरते लिहावे. चार शब्द वाढले तरी चालतील.

मराठीत टाईप करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. खान्देशातल्या छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षे जुन्या वळणांच्या फाँटमध्ये मराठी टाईप झाले. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी अक्षरे बसवलेली होती. सर्व यंत्रांवर सारखे दिसणारे युनिकोड मराठी विंडोज २००० पासून हळूहळू घरोघरी आले. आता जुनी फाईल घेऊन मॅक्रो चालवला आणि त्याने टिपेतली नुसती अक्षरेच वर नेली, तर ती आजूबाजूच्या फाँटचे रूप घेतात. मग टिपेतले इंग्रजी ग्रंथाचे नाव मराठी अक्षरांची निरर्थक माळ होऊन बसते. म्हणून मॅक्रोला मजकूर त्याच्या फाँटसह न्यायला सांगावे. तशी आज्ञा वर्डमध्ये आहे. असे केल्याने पुस्तकांच्या नावांची तिरपी अक्षरेही टिकतात. जुन्या फाँटचे युनिकोड करताना तर हे काम आधी करावे, कारण काही परिवर्तक मुख्य मजकूर बदलतात आणि टिपा तशाच सोडतात. टिपा वर मजकुरात आल्या की सगळे एकत्र बदलता येते. मात्र इंग्रजी नावे त्या फेऱ्यातून बाजूला ठेवावीत.

काम झाले की मोजणी करावी. आधी किती टिपा होत्या आणि आता "टीप" असा कंस किती ठिकाणी आहे, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. बिऱ्हाड हलवताना आपण टेम्पोत चढवलेली व उतरवलेली भांडी मोजतो, तसेच.

एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. मॅक्रो हा छोटासा प्रोग्रामच असल्याने त्यातून उपद्रवही होतो. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या फाईलीतल्या मॅक्रोमधूनच ईमेलने जगभर पसरला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलीतील मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली, ते याच कारणाने. तेव्हा अनोळखी माणसाने पाठवलेला मॅक्रो चालवू नये. जो चालवायचा त्याच्या ओळी जाणत्याकडून वाचून घ्याव्यात. मोबाईलवरच्या वर्डमध्ये मॅक्रो चालत नाही, त्यासाठी संगणकच लागतो. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही मॅक्रोची सोय आहे. तेथे तो थोडा वेगळा लिहावा लागतो, पण पद्धत तीच.

हे कुणी करायचे? १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना एम.ए., पीएच.डी.साठी पुण्याच्या विद्यापीठावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या पाटी नव्हती, त्या घरांतल्या मुली आज संशोधन करतात. दुसरीकडे संगणक शिकलेली मुलेही आता पुष्कळ घरांत आहेत. ताई प्रबंध लिहिते आणि धाकटा भाऊ संगणकाचा वर्ग करतो, असे घर आता नवलाचे नाही. त्या भावाने एक संध्याकाळ ताईच्या फाईलीसाठी द्यावी. वस्तीतल्या ज्या काकांनी चळवळीच्या आठवणी टाईप करून घेतल्या आहेत, त्यांची फाईलही एकदा पाहावी. स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी छापखान्यात मजकूर देताना टिपांची मोजणी स्वतः करून द्यावी. टायपिंग करणारा दिवसाला पन्नास कामे उरकतो, आपल्या टिपेची काळजी त्याने वाहावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

आणि जे अजून लिहायला बसलेले नाहीत, त्यांनाही आमची विनंती आहे. आजीने विहिरीची, शाळेची, मोर्चाची आठवण सांगितली तर ती लिहून घ्याच. शेवटी कंसात आजीचे नाव, गाव, वय आणि तारीख साध्या मजकुरात घाला. त्याला मॅक्रो लागत नाही, संगणकही लागत नाही. वहीच्या पानावर लिहिले तरी पुरे. उद्या तिची नात प्रबंध लिहायला बसेल, तेव्हा तिच्या तळटिपेत लिहायला काहीतरी असेल.